किट कारसाठी जुना इंजिन ब्लॉक: सन कुठलं धरायचं, ब्लॉक कुठला घ्यायचा, आणि धूर-चाचणीत नेमकं काय अडतं?

कोपरापाना

नमस्कार मंडळी. सेव्हनच्या (लोटस सेव्हन, छोटी उघडी दोन सीटांची गाडी) धाटणीची किट कार (सुटे भाग जोडून स्वतः बांधायची गाडी) बांधतोय, ब्रिटनमध्ये. म्हणजे आधी आयव्हीए (बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी) आणि मग पुढे एमओटी (नेमाने होणारी तपासणी). चासी उभी आहे, टाइप ९ गिअरबॉक्स आहे, इंजिन ठरायचंय. समोर तीन ब्लॉक आहेत:

१. फोर्ड केंट क्रॉसफ्लो १६००, ७११एम ब्लॉक. विकणारा १९७४ चा सांगतो.
२. फोर्ड पिंटो २.०, '२०५' नंबराचा ब्लॉक.
३. फोर्ड झीटेक २.० सिल्व्हरटॉप, १९९६ च्या माँडिओतला.

पहिल्या दोघांपैकी काही घेतलं तर जुळे वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर (कार्ब), झीटेक घेतला तर इंजेक्शन. 'जितकं जुनं इंजिन तितकी चाचणी सोपी' असं जो तो सांगतो. कितपत खरं आहे हे? आणि सन इंजिनाचं धरतात की गाडीचं?

लॅम्डा_एक

आयव्हीएला हौशी बांधणीच्या गाडीत इंजिनाचं वय धरतात. पेट्रोलसाठी टप्पे असे:

१ ऑगस्ट १९७५ च्या आधीचं इंजिन: फक्त डोळ्यांना दिसणारा धूर बघतात. गॅस मोजत नाहीत.
१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९८६: आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्क्यांच्या आत, एचसी (हायड्रोकार्बन) १२०० पीपीएमच्या आत.
१ ऑगस्ट १९८६ ते ३१ जुलै १९९२: सीओ ३.५ टक्के, एचसी तेच १२००.
१ ऑगस्ट १९९५ पासून: कॅटची (एक्झॉस्टचा गॅस साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची) चाचणी. २५०० ते ३००० आरपीएमला सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३. शिवाय नुसत्या आयडलला सीओ ०.५ टक्के.

१९९२ ते ९५ मधला पट्टा किचकट आहे. त्या काळात काही मॉडेलांना कॅट होतं, काहींना नव्हतं, त्यामुळे मापदंड मॉडेलागणिक बदलतो. त्या सालातलं इंजिन घेणार असाल तर इंजिन नंबर देऊन चाचणी केंद्राला आधी लेखी विचारा, मग पैसे मोजा.

तुमच्या तिन्ही ब्लॉकांचं उत्तर इथेच निम्मं मिळतं. ७११एम खरोखर १९७४ चा असेल तर फक्त धूर. २०५ चा पिंटो ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचा, म्हणजे ४.५ किंवा ३.५ टक्के. १९९६ चा झीटेक म्हणजे कॅट आलंच.

पण 'सोपी' या शब्दावर नंतर बोलू. १२०० पीपीएम एचसी हा आकडा वाटतो तितका सढळ नाही. गरम कॅम (व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा) टाकलेली कितीतरी जुनी इंजिनं सीओत आरामात बसतात आणि एचसीवर आपटतात.

बिडाचा_ब्लॉक

आधी 'विकणारा १९७४ चा सांगतो' हे वाक्य बाजूला ठेवा. चाचणीला ते चालत नाही.

ब्लॉकवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक हमखास गल्लत करतात. '७११एम' हा ओतीव नंबर आहे, तो साच्याबरोबर उठून आलेला असतो. त्यावरून ब्लॉकची जात कळते, वर्ष कळत नाही. १९७५ ची रेघ या ब्लॉकच्या आयुष्याच्या मधूनच जाते. रेघेच्या दोन्ही बाजूंचे ७११एम शेजारी ठेवले तर नुसत्या ओतीव नंबरावरून कोणालाही ओळखता येणार नाहीत. दुसरा असतो ठोकलेला इंजिन नंबर. सन सिद्ध होतं ते त्यावरून.

पुरावा म्हणून चालणाऱ्या गोष्टी, वजनाच्या क्रमाने:

ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचं व्ही५सी (नोंदणीपत्र), त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळणारा. याहून पक्कं काही नाही.
नंबर देऊन कंपनीकडून मिळवलेलं पत्र. कंपनीकडे नोंदी नसतील तर त्या मॉडेलच्या मान्यताप्राप्त क्लबचं पत्र, पण ते चालेल का हे केंद्राला आधी विचारून घ्या.
विक्रीची पावती हा पुरावा नाही. ती फक्त तुम्ही पैसे दिल्याचं सांगते.

सन सिद्ध झालं नाही तर इंजिन नवं समजून कडक मापदंड लावला जाईल, अशी तयारी ठेवा. वेबर लावलेल्या क्रॉसफ्लोला ०.३ टक्के सीओ दाखवायला सांगणं म्हणजे तिथेच दिवस संपला.

नंबराची जागा कोरी असलेले ब्लॉकही फिरतात. सुटे भाग म्हणून विकलेले बदली ब्लॉक अनेकदा बिननंबरी असत. ब्लॉक म्हणून उत्तम, पुरावा म्हणून शून्य. आणि नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

कोपरापाना

म्हणजे ब्लॉक १९७४ चा आणि वरचं हेड नंतरचं, असं चालतं? क्रॉसफ्लोला नंतरचं, पोर्ट केलेलं हेड बसवायचा विचार आहे.

बिडाचा_ब्लॉक

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे सन ब्लॉकचं धरलं जातं. त्याच घराण्यातलं हेड, कॅम, कार्ब बदललं म्हणून सन बदलत नाही. मात्र अर्जात इंजिन जसं आहे तसंच लिहा. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. बोअर केल्यावर क्षमता बदलते, तीही खरी लिहायची.

टॅपेटवाला

माझं मत सरळ आहे. फक्त सन बघून ब्लॉक घेणारे पुढे रडतात. ठळक उदाहरण रोव्हर व्ही८ चं. ३५२८ सीसी, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, रोव्हरच्या पी५बीत १९६७ पासून. १९७५ च्या आधीचा ब्लॉक घेतला तर फक्त धूर-चाचणी, पण क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील येतं. ते नीट बसवणं कटकटीचं आणि बसवलं तरी ठिबकायची भीती कायम. १९७६ ला आलेल्या रोव्हर एसडी१ च्या इंजिनात ओठाचं सील आहे, व्हॉल्व मोठे आहेत, ऑइल पंप सुधारलेला आहे. चाचणी ४.५ टक्क्यांची, जी नीट लावलेल्या कार्बवर सहज निघते. मग दोरीचं सील कशासाठी पत्करायचं?

केंटच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण ब्लॉक दोन्ही बाजूंना तोच आहे. तिथे १९७५ च्या आधीचा मिळाला तर निव्वळ फायदा.

पिंटोबद्दल. २०५ ब्लॉकच्या भिंती जाड असतात, ९०.८२ मिमीचा मूळ बोअर ९३ पर्यंत नेतात. पण हे इंजिन उंच आणि जड आहे. सेव्हनच्या बॉनेटखाली बसतं का ते सम्पसकट (तळाच्या तेलाच्या भांड्यासकट) मोजून बघा. टाइप ९ ला मात्र ते थेट जुळतं, क्रॉसफ्लोला बेलहाउसिंग वेगळं लागेल. पिंटोची खोड म्हणजे कॅम. वरच्या कॅमवर तेल टाकणारी नळी असते, तिची भोकं गाळाने बुजतात आणि कॅमची टोकं खाल्ली जातात. नळी दर वेळी नवीन टाका, जुनी साफ करून परत लावू नका.

कॅटवाली_मनी

सगळे १९७५ च्या मागे धावताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. झीटेक घ्या.

कॅटची चाचणी अवघड असते हा समज कार्बवाल्यांनी पसरवलेला आहे. मूळ इंजेक्शन किंवा नीट मॅप केलेला सुटा ईसीयू (इंजिनाचा संगणक), लॅम्डा सेन्सर चालू स्थितीत, कॅट गरम, एवढं असेल तर ०.३ टक्के सीओ काहीच नाही. धड कॅटमागे सीओ शून्याला टेकतं. उलट चाळीस-पन्नास वर्षांचं बीड विकत घेऊन रीबोअर, क्रँक ग्राइंड, हेडला नवे सीट, हा खर्च झीटेकला नाही. भंगारातल्या गाडीतून उचललेलं इंजिनही बहुतेकदा न उघडता चालतं.

सेव्हनमध्ये झीटेक बसवताना लागणारं सामान: उथळ सम्प, कारण मूळचा जमिनीला लागतो. मागच्या बाजूचं थर्मोस्टॅट हाउसिंग बदलून पाण्याची वाट वळवणं, कारण इंजिन आडव्याचं उभं होतं. टाइप ९ साठीचं बेलहाउसिंग आणि जुळणारं फ्लायव्हील. क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग. आणि कॅटला जागा.

इथेच चुकतात लोक. सेव्हनचं एक्झॉस्ट बाजूने बाहेर पडतं, मग सोयीसाठी कॅट पार मागे सायलेन्सरजवळ ढकलतात. कॅट काम सुरू करतं २५०–३०० अंशांच्या पुढे. लांबच्या उघड्या पाइपात गॅस इतका निवतो की आयडलला कॅट झोपूनच राहतं. मॅनिफोल्डची चारही नळं जिथे एक होतात तिथून जितकं जवळ बसवता येईल तितकं बसवा. बाहेरून चटका बसू नये म्हणून झाकण लागेल, आयव्हीएत तेही बघतात.

लॅम्डा सेन्सरची जागा नळं एक झाल्यानंतर आणि कॅटच्या आधी. त्याच्या मागेपुढे कुठेही गळती नको. जोडातून हवा आत ओढली गेली तर सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी विनाकारण श्रीमंत (पेट्रोल जास्त) चालते.

टॅपेटवाला

@कॅटवाली_मनी, मूळ इंजेक्शनला सगळं मान्य. पण सेव्हनवाल्याला चार सुटी थ्रॉटल बॉडी हवी असतात, आणि तिथे आयडलचं गणित बिघडतं.

कॅटवाली_मनी

बिघडतं, पण सुटतं. सुट्या थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नीट मिळत नाही, म्हणून मॅप थ्रॉटलच्या कोनावर धरतात. चाचणीसाठी मॅपचे दोनच भाग महत्त्वाचे: आयडल, आणि २५०० ते ३००० विनाभार. या दोन ठिकाणी क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने पेट्रोल जुळवणं) चालू ठेवा, बाकी ठिकाणी हवा तसा मॅप करा. आधी चारही थ्रॉटल हवामापकाने सारखे करायचे. एक जरी जास्त उघडा असला तर सरासरी लॅम्डा १ दिसतो, पण एक सिलिंडर पातळ आणि तीन श्रीमंत असतात. कॅटला ते आवडत नाही.

लॅम्डा_एक

आता 'सोपी' या शब्दाकडे. समजा ब्लॉक १९७५ नंतरचा निघाला आणि वर जुळे वेबर. चाचणीत काय मोजलं जातं आणि ते का बिघडतं ते नीट समजून घेतलं तर अर्धा त्रास वाचतो.

सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल. मिश्रण श्रीमंत असलं की वाढतं, आणि कार्बच्या स्क्रूने ते थेट हाताळता येतं. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. मिश्रण फार श्रीमंत असलं तरी एचसी वाढतं आणि फार पातळ असलं तरी वाढतं, कारण पातळ मिश्रण पेट घेत नाही, इंजिन मिसिंग मारतं आणि अख्खा घोट कच्चाच बाहेर जातो. लोक इथेच फसतात. सीओ खाली आणायला स्क्रू आवळत जातात, ५ वरून ३, ३ वरून १, आणि अचानक एचसी ६०० वरून २००० ला उडी मारतं. साधारण २ ते ३ टक्के सीओवर थांबा. ३.५ ची मर्यादा असताना ०.८ करायचं कारण नाही.

चार गॅसच्या यंत्रावर आकडे असे वाचायचे:

सीओ जास्त, एचसी बेताचं: नुसतं श्रीमंत. स्क्रू, आयडल जेट, फ्लोटची पातळी, पेट्रोलचा दाब.
सीओ कमी, एचसी जास्त, ऑक्सिजन जास्त: पातळ मिश्रणाचं मिसिंग, किंवा मॅनिफोल्डला हवेची गळती.
सीओ जास्त आणि एचसीही खूप: श्रीमंत आहेच, शिवाय एखादा प्लग काळा पडलाय.
सीओ ठीक, पण एचसी आणि ऑक्सिजन दोन्ही चढे: ठिणगीत दोष, एखादा व्हॉल्व नीट बसत नाही, नाहीतर कॅमचा ओव्हरलॅप.

ओव्हरलॅप म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. २६०–२७० अंशांच्या कॅमला तो थोडा असतो, ३०० च्या आसपास गेलात की आयडलला ताजं मिश्रण सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जातं. ते कार्बने बरं होत नाही. म्हणून कॅम निवडतानाच चाचणीचा विचार करा. १९७५ च्या आधीचा ब्लॉक असेल तर कॅम मनासारखा, नंतरचा असेल तर मध्यम.

एचसी फक्त आयडलला फेल झालं तर एमओटीत २००० आरपीएमच्या आसपास पुन्हा मोजतात आणि तिथे आत आलं तर पास धरतात. गरम कॅमवाल्यांना या तरतुदीचा मोठा आधार आहे. २००० ला ओव्हरलॅपचा त्रास बराच कमी होतो.

लॅम्डा_एक

वेबरबद्दल वेगळं लिहितो.

पहिली पायरी कार्बची नाही. टॅपेट, प्लगची फट, टायमिंग, कॉम्प्रेशन, मॅनिफोल्डची गळती हे आधी. क्रॉसफ्लोत टॅपेट घट्ट असले की व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि एचसी चढतं.

पेट्रोलचा दाब ०.२ बारच्या आसपास हवा. इलेक्ट्रिक पंप थेट जोडला आणि रेग्युलेटर नसला तर सुई पेट्रोल धरून ठेवत नाही, पातळी वर येते आणि मिश्रण कायम श्रीमंत राहतं. स्क्रू कितीही आवळा, फरक पडत नाही.

मग सिंक्रोनायझेशन. दोन्ही कार्बमधली जोडणी सोडा, हवामापकाने प्रत्येक कार्बचा प्रवाह सारखा करा, मग जोडा. '१५१' जातीच्या नव्या वेबरला प्रत्येक नळीसाठी हवेचा बायपास स्क्रू असतो. सगळ्यात जास्त हवा ओढणारी नळी प्रमाण धरून बाकीच्या तिच्याएवढ्या उघडा. जुन्या डीसीओईला तो स्क्रू नसतो, तिथे थ्रॉटलची दांडी पिळली गेली नाहीये ना ते बघा.

मिश्रणाचे स्क्रू: जुन्या जाड आट्यांच्या स्क्रूला एक फेरा उघडून सुरुवात, नव्या बारीक आट्यांच्या स्क्रूला दोन ते अडीच. चारही सारखे. मग पाव फेरा आत-बाहेर करून प्रत्येक नळीला इंजिन सगळ्यात स्वच्छ कुठे चालतं ते शोधा आणि तिथून किंचित आत.

सीओ अजिबात उतरत नाही आणि स्क्रूला इंजिन दादच देत नाही, असं झालं तर थ्रॉटल आयडललाच फार उघडा आहे. फुलपाखराच्या (थ्रॉटलच्या चकतीच्या) कडेने प्रोग्रेशनची भोकं उघडी पडलेली असतात आणि पेट्रोल स्क्रूला वळसा घालून तिथून येतं. कव्हरचा छोटा पितळी बूच काढून बॅटरीच्या प्रकाशात बघा. आयडलला पहिलं भोक झाकलेलं हवं. उघडं दिसलं तर थ्रॉटल मिटवा आणि आरपीएम टायमिंगने किंवा बायपासने मिळवा.

त्यानंतरही श्रीमंत असेल तरच जेट बदला. आयडल जेटमध्ये आकडा म्हणजे पेट्रोलचं भोक, 'एफ'चा नंबर म्हणजे हवेचं. ५०एफ९ च्या जागी ५०एफ८ टाकलं की थोडं पातळ होतं, ४५एफ८ ने आणखी. मेन जेट आयडलच्या चाचणीत येतच नाही, त्याला हात लावू नका.

वाटसरू_७

+१. त्यात एक भर. टेस्टच्या आधी टायमिंग ३–४ अंश मागे घेतलं की एक्झॉस्ट गरम होतं आणि एचसी उतरतं. आयडलही ११०० ला ठेवायचं.

बिडाचा_ब्लॉक

उतरतं, खरं आहे. पण टेस्टपुरतं मागे घेऊन घरी आल्यावर परत पुढे करायचं ही सवय बरी नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. कॅम आणि कार्ब अशी निवडा की रोजच्या सेटिंगवर गाडी पास होईल.

आणि तेल. वेबरवर श्रीमंत चालवून रिंगा बसवलेल्या नव्या इंजिनात तेलात बरंच पेट्रोल मिसळलेलं असतं. ब्रीदर इनटेकला जोडलेला असेल तर ती वाफ परत आत ओढली जाते आणि सीओ-एचसी दोन्ही वाढतात. चाचणीच्या आधी ताजं तेल आणि फिल्टर. मुळात स्वस्तातलं काम आहे, पण फार लोक विसरतात.

कोपरापाना

भरपूर मिळालं, आभार. ७११एम कडे कल आहे. व्ही५सी मागितलं, विकणाऱ्याकडे मूळ गाडीच्या व्ही५सीची प्रत आहे आणि नंबर जुळतोय, नोंद जून १९७४. आता ब्लॉक बघायला जायचंय. काय काय बघू? आणि आजच्या पेट्रोलचं काय, इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे ना?

टॅपेटवाला

पेट्रोलचं मी सांगतो, ब्लॉकचं दुसरे सांगतील.

ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई१०. महागड्या सुपर प्रकारात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंत. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, सोल्डर केलेले फ्लोट यांना इथेनॉल लागतं. नळ्या आर९ दर्जाच्या टाका. ई१० ला पूर्ण जळायला हवा-पेट्रोल प्रमाण १४.१ च्या आसपास लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७. म्हणजे तेच जेट ठेवून ई१० भरलं की इंजिन साडेतीन-चार टक्के पातळ चालतं. सीओ उतरतं, पण आधीच काठावर असलेलं इंजिन मिसिंग मारायला लागतं. ज्या पेट्रोलवर कार्ब लावला त्याच पेट्रोलवर चाचणीला जा.

शिसंविरहित पेट्रोलचा मुद्दा वेगळा. शिसं गेल्यापासून जुन्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व सीटमध्ये खचत जातो, टॅपेट आपोआप घट्ट होत जातात. हेड उघडलेलं असतानाच कठीण सीट बसवून घ्या.

बिडाचा_ब्लॉक

ब्लॉक बघताना बरोबर न्या: फिलर गेज, स्टीलची सरळ पट्टी, बोअर गेज, मायक्रोमीटर, बॅटरी, वायर ब्रश.

ओतीव नंबर खरवडून ७११एम वाचा. मेन बेअरिंगच्या टोप्या चौकोनी आणि दणकट हव्यात. आधीच्या काही ब्लॉकांच्या टोप्या गोल आणि नाजूक असतात, त्या जास्त आरपीएमला वळतात. टोप्यांवरचे क्रमांक आणि दिशा जुळतात का बघा. एखादी टोपी दुसऱ्या इंजिनाची असेल तर बेअरिंगची रांग गेली, लाइन बोअर करावं लागेल.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतून आलेला ब्लॉक की मागच्या चाकांना देणाऱ्या, हेही विचारा. फिएस्टात आडवं बसणाऱ्या केंटचा ब्लॉक सेव्हनसाठी थेट बसत नाही.

पाण्याचे बूच काढून आत बॅटरी मारा. खालच्या भागात गंजाचा चिखल साठतो आणि चौथा सिलिंडर गरम राहतो. वरच्या पृष्ठभागावर पाण्याच्या भोकांभोवती बीड खाल्लेलं असेल तर किती खोल ते बघा. फेस करून निघेल, पण क्रॉसफ्लोची दहनपोकळी पिस्टनच्या डोक्यात आहे, हेड सपाट असतं. वरून काढलेल्या प्रत्येक कणाने कॉम्प्रेशन चढतं. हेडच्या बोल्टचे आटे एकेक करून हाताने बोल्ट फिरवून बघा.

बोअर: मूळ ८०.९८ मिमी. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मोजा, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा आडवा. वरची कडा सोडून लगेच खाली झीज सर्वांत जास्त मिळेल. वर-खाली किंवा आडव्या-उभ्यात ०.१ मिमीच्या पुढे फरक असेल तर रिंगा बदलून भागणार नाही. आणि '१९७४ चं आहे, फक्त धूर बघतात' म्हणून झिजलेला बोअर चालवू नका. तीच तर चाचणी आहे! निळा धूर म्हणजे तेल, आणि तेल वर येतं ते झिजलेल्या बोअर-रिंगांमधून किंवा व्हॉल्व गाइडमधून. २५०० ला २० सेकंद धरून सोडतात आणि आयडलला बघतात. पाच सेकंद दाट निळा किंवा स्पष्ट काळा धूर दिसत राहिला की फेल.

कॅम बाहेर काढायचा असेल तर इंजिन उलटं करा. केंटचे फॉलोअर वरून निघत नाहीत, सुलटं ठेवून कॅम ओढला तर ते खाली पडतात आणि कॅम अडतो. प्रत्येक फॉलोअर मूळ जागी क्रमाने ठेवा. कॅम नवा तर फॉलोअरही नवे, यात तडजोड नाही.

वाटसरू_७

अवांतर: आयव्हीएत आवाजही मोजतात. मर्यादा ९९ डेसिबल, जास्तीत जास्त शक्तीच्या आरपीएमच्या तीन-चतुर्थांशावर, पाइपापासून अर्धा मीटर, ४५ अंशात. जुन्या सायलेन्सरची लोकर भरून घ्या. आणि एक्झॉस्टचे जोड गळके असतील तर आवाज वाढतो, शिवाय गॅसचे आकडे हवेने पातळ होतात. तपासणाऱ्याला ऑक्सिजनवरून ते लगेच कळतं.

कोपरापाना

ब्लॉक बघून आलो. ७११एम, चौकोनी टोप्या, नंबर जुळतो, आटे ठीक. पिस्टनच्या डोक्यावर जादा मापाचा शिक्का नाही. चारही बोअर जवळपास सारखे: वर ८१.१०, मध्ये ८१.०५, खाली ८०.९९. आडव्या-उभ्यात ०.०५ चा फरक. किती बोअर करू? सगळे ९० थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) करतात म्हणून विचारतोय.

बिडाचा_ब्लॉक

वर-खाली ०.११, म्हणजे रीबोअर आलंच. पण मूळ मापाचा, अजून एकदाही न कापलेला ७११एम हाती आलाय, तो थेट ९० थाऊला नेऊ नका. मापं अशी:

३० थाऊ: ८१.७४ मिमी, साधारण १६२९ सीसी.
६० थाऊ: ८२.५० मिमी, साधारण १६६० सीसी.
९० थाऊ: ८३.२७ मिमी, साधारण १६९१ सीसी.

३० ते ९० मध्ये मिळतात जेमतेम ६२ सीसी, आणि त्या बदल्यात पुढचा एकही रीबोअर उरत नाही. शिवाय ९० ला भिंत कुठे किती उरते ते ओतकामावर अवलंबून असतं. गाभा एका बाजूला सरकलेला असेल तर एक भिंत पातळ होते. ९० च करायचं असेल तर आधी अल्ट्रासाउंडने चारही सिलिंडरच्या भिंती मोजून घ्या. तुमच्या झिजेला ३० थाऊ पुरेसं आहे.

टॅपेटवाला

३० ला सहमत. रिंगांच्या फटीसाठी ढोबळ हिशोब: बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ. ८१.७४ मिमी म्हणजे ३.२२ इंच, फट साधारण १३ थाऊ, ०.३३ मिमी. रिंग बोअरमध्ये पिस्टननेच चौकोनात ढकलून फिलर गेजने मोजा. पिस्टनवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

बिडाचा_ब्लॉक

आणि मशीनशॉपला ब्लॉक देताना पिस्टन बरोबर द्या. '३० थाऊ करा' एवढंच सांगून ब्लॉक सोडू नका. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, कुठला कुठल्या सिलिंडरला ते मार्कर पेनने लिहून, पिस्टनच्या कागदावरच्या क्लिअरन्सनुसार बोअर आणि शेवटचं होनिंग व्हायला हवं. फोर्ज्ड पिस्टनला ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फट लागते. होनिंगच्या रेघा दोन्ही दिशांनी तिरप्या उठलेल्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर परत आला तर रिंगा बसणार नाहीत आणि पहिल्याच चाचणीत निळा धूर दिसेल. ब्लॉक परत आल्यावर गरम पाणी, साबण आणि ब्रशने बोअर धुवा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत, आणि लगेच तेल लावा. बीड कोरडं ठेवलंत तर तासाभरात गंजाची पिवळी झाक धरतं.